सीताफळाचं एक फूल, दोन वेळा

बालाघाटच्या डोंगरउतारांवर, आपल्या धाराशिवच्या माळावर सीताफळ जणू आपोआप येतं. बागेत मात्र फुलं भरपूर आणि फळं मोजकीच, असं का होतं?

सीताफळाच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पण त्यांची वेळ जुळत नाही. पाकळ्या अर्धवट उघडतात तेव्हा मादी भाग तयार असतो, पराग मात्र कच्चे. पराग सुटतात तेव्हा पाकळ्या पूर्ण उघडलेल्या असतात आणि मादी भाग सुकलेला असतो. म्हणजे पराग दुसऱ्या फुलातून यायला हवेत. ते आणतात बारीक भुंगेरे. मधमाशीचा इथे फारसा उपयोग नाही. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत मादी भाग लवकर वाळतो, फुलं गळतात. पाऊस पडून हवा दमट झाली की फळं धरू लागतात.

मला सगळ्यात सुंदर वाटते ती ही गोष्ट: सीताफळाचा प्रत्येक डोळा म्हणजे फुलातलं एक वेगळं स्त्रीकेसर. ज्या डोळ्यांना पराग मिळाले नाहीत ते वाढत नाहीत, म्हणून फळ वाकडं होतं. वाकड्या फळाला रोगट म्हणण्याआधी हे आठवा.

भुंगेऱ्यांचं काम आपल्या हातानेही करता येतं. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेच्या 'अर्का सहान' या संकरित वाणाला 'बाळानगर' या वाणाचे पराग हाताने लावले तर फळधारणा सुधारते. पहाटे पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग डबीत झाडून घ्या आणि मऊ ब्रशने अर्धवट उघडलेल्या फुलांत फिरवा. काम चिकाटीचं आहे, पण चार झाडांवर करून पाहाच.