संलयनभट्टीतली उष्णता बाहेर कशी काढायची?

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रात 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. उरलेली बहुतेक पाण्यावाटे बाहेर सोडावी लागते. अणुसंलयनाचा विषय निघाला की मात्र सगळी चर्चा उष्णता निर्माण करण्याची होते. ती काढून नेण्याचं कोडं तितकंच अवघड आहे, आणि नेमके त्याबद्दलच गैरसमज फार.

फ्रान्समध्ये उभी राहणारी 'इटर' भट्टी वीज देणार, असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही. तो प्रयोग आहे. त्यात तयार होणारी उष्णता शेवटी हवेतच सोडली जाईल, आणि ती सोडणारी शीतकरण यंत्रणा पुरवणं ही भारताची जबाबदारी आहे. भट्टीचं बाहेरचं पोलादी कवच, क्रायोस्टॅट, लार्सन अँड टुब्रोच्या हजीरा कारखान्यात घडलं.

"भट्टीच्या आत 15 कोटी अंश सेल्सिअस म्हणजे भिंती वितळणारच!" तापमान आणि उष्णता यांची इथे गल्लत होते. फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या आसपास असते, तरी हातावर पडली तर फक्त चुरचुरते. इटरच्या प्रचंड पोकळीत एका वेळी एक ग्रॅमहूनही कमी इंधन असेल. भिंतीला धोका असतो तो सतत वाहत येणाऱ्या ऊर्जेचा.

हिशेब असा. संलयनातून 500 मेगावॉट मिळतील, त्यातले 400 न्यूट्रॉन घेऊन जातील आणि चहूबाजूंच्या भिंतींत पसरतील. उरलेले 100 आणि प्लाझ्मा, म्हणजे भट्टीतला विद्युतभारित वायू, तापवायला बाहेरून दिलेले 50, असे 150 मेगावॉट प्लाझ्मातूनच बाहेर पडणार. चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला धरून ठेवतं, पण कायमचं कोंडत नाही, आणि कोंडूही नये. संलयनाची राख असलेला हेलियम बाहेर काढावाच लागतो. काही ऊर्जा प्रकाशरूपाने भिंतींवर विखुरते. बाकीची प्लाझ्माच्या कडेच्या, अवघ्या काही मिलिमीटर जाडीच्या थरातून चुंबकीय रेषांच्या वाटेने तळाशी असलेल्या, हा मारा झेलणाऱ्या 'डायव्हर्टर' या भागावर येऊन आदळते.

"मग सर्वांत चिवट धातू लावा, काम झालं." धातू लावलेलाच आहे. टंगस्टन 3422 अंशांना वितळतो. दोन-तीन सेंटीमीटरचे त्याचे ठोकळे, आरपार तांब्याच्या मिश्रधातूची नळी आणि तिच्यातून दाबाखाली खेळणारं पाणी, अशी रचना आहे. तरीही चौरस मीटरला 10 ते 20 मेगावॉट हीच तिची सहनशक्ती. शिवाय चुंबकीय रेषा पृष्ठभागाला जेमतेम काही अंशांचा कोन करून, जवळजवळ घासत येतात. एखाद्या ठोकळ्याची कड शेजाऱ्यापेक्षा किंचित वर राहिली, तरी सगळा मारा तिच्यावर येतो आणि ती वितळू शकते. म्हणून प्रत्येक ठोकळ्याचा माथा अर्धा मिलिमीटर उतरता घासलेला असतो. कारागिरीचा हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो.

"प्लाझ्मात बाहेरचा वायू घातला की सगळं बिघडतं." गाभ्यात जास्त गेला तर खरंच बिघडतं. कडेला मात्र निऑन किंवा नायट्रोजन मुद्दाम सोडतात. त्याचे अणू ऊर्जा घेऊन ती प्रकाशरूपाने सगळीकडे उधळतात. मात्रा जमली तर डायव्हर्टरजवळचा प्लाझ्मा काही इलेक्ट्रॉनव्होल्टइतका, म्हणजे गाभ्याच्या मानाने फारच थंड होतो आणि धातूवरचा भार एकदम हलका होतो.

मात्रा सांभाळणं हीच खरी कसोटी आहे. वायू कमी पडला तर ठोकळे पोळतात, जास्त झाला तर गाभा थंडावतो. त्यात 1982 मध्ये जर्मनीच्या अ‍ॅस्डेक्स यंत्रात सापडलेल्या, ऊर्जा चांगली धरून ठेवणाऱ्या अवस्थेत कडेचा प्लाझ्मा थोड्या थोड्या वेळाने उसळतो आणि ऊर्जेचे झटके डायव्हर्टरवर फेकतो. हे झटके चुंबकीय क्षेत्राला मुद्दाम सूक्ष्म व्यत्यय देऊन शमवता येतात. ते शमवायचे आणि त्याच वेळी कड थंडही ठेवायची, या दोन्हींचा मेळ मोठ्या भट्टीत बसवून दाखवणं अजून बाकी आहे.