माजी सैनिकांची आरोग्य योजना : तरतूद आणि नियंत्रण

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, अर्थात ईसीएचएस, १ एप्रिल २००३ पासून कार्यान्वित झाली. पॉलिक्लिनिकमधील वैद्यकीय अधिकारी रुग्णास संलग्न खाजगी रुग्णालयाकडे पाठवितात. देयक मागाहून येते. साहजिकच लेखापरीक्षणापूर्वीच, संदर्भपत्रावर सही होताच, शासनाचे दायित्व निर्माण होते. २०२३-२४ च्या सुधारित अंदाजात तरतूद ७० टक्क्यांनी वाढवावी लागली. २०२४-२५ साठी मूळ तरतूद ६,९६८ कोटी रुपये होती; आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीहून २८ टक्के अधिक, पण सुधारित रकमेहून कमीच! निधी संपला म्हणून आजार थांबत नाहीत. देयके थकतात, आणि रुग्णालयाने हात आखडता घेतला की झळ निवृत्त जवानास बसते. थकित देयकांची रक्कम दरमहा तरतुदीशेजारी नोंदविल्यास ही तूट मार्चपूर्वीच दिसू शकेल.