फी स्लिप आधी दाखवा

सकाळी ९.३०
यवतमाळ, जुलै २०२५. रिटर्नची मुदत यंदा १५ सप्टेंबरपर्यंत वाढली, त्यामुळे फॉर्म १६ वाले निवांत आहेत. माझ्या ऑफिसात गर्दी आहे ती अ‍ॅडमिशनवाल्या आईबापांची.

१०.००
दारव्ह्याचे गुरुजी. सुकन्या समृद्धी योजना २०१५ साली आली, त्याच वर्षी यांनी पोस्टात मुलीचं खातं उघडलं. शिल्लक सहा लाख.
“भाऊ, अर्धे तं निघतेच ना?”
मुलगी दहावी पास आहे, तेव्हा निघतात. पण अर्धे म्हणजे गेल्या ३१ मार्चच्या शिलकीचे, आणि तेही कॉलेजनं मागितलेल्या रकमेपुरतेच. स्लिप १,१०,००० ची, तर तेवढेच. बाकीचे ८.२ टक्क्यांनी वाढू द्या. वर्षातून एकदा, जास्तीत जास्त पाच वर्षं असे पैसे काढता येतात.

११.००
स्लिप वाचतो: ट्यूशन फी ७०,०००, विकास शुल्क ७,०००, हॉस्टेल ३३,०००. सुकन्यातून काढताना पूर्ण बेरीज चालते, आयकराच्या ८० सी वजावटीला फक्त पहिली ओळ. काढलेल्या रकमेवर कर नाही. ती फीला लावली म्हणून वजावट बुडतही नाही. पैसा कुठून आला यापेक्षा तो करदात्यानं भरला का, हे कलम पाहतं. म्हणून फी गुरुजींनी स्वतःच्या खात्यातूनच भरावी. पण त्यांचा जीपीएफ आणि विमा मिळून दीड लाखाची मर्यादा आधीच भरलेली. ७०,००० ची पावती फाइलला लावायची, एवढंच.

दुपारी १.००
डबा खाताना नव्या करपद्धतीचं गणित मांडतो. तिथं ८० सी नाही, पण २०२५-२६ साठी पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करही नाही. गुरुजींना तीच परवडते.

३.००
घाटंजीचं कापूस पिकवणारं जोडपं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, वजावटीचा प्रश्नच नाही. पोरीला इंजिनिअरिंग मिळालंय. यांच्या कामाचा आहे जुलै २०२४ चा शासन निर्णय: उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण व परीक्षा फी माफ. माफीनं स्लिप लहान झाली की सुकन्यातून निघणारी रक्कमही तेवढीच लहान. आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणा म्हणालो.

५.००
वणीचे व्यापारी, जुन्या पद्धतीत, ३० टक्क्यांच्या स्लॅबला. शैक्षणिक कर्जाचं व्याज ८० ई मध्ये आठ वर्षं वजा होतं, दीड लाखाच्या बाहेर, वरची मर्यादा नाही. १० टक्क्यांचं कर्ज त्यांना सेससह साधारण ६.९ ला पडतं, सुकन्या ८.२ देते. तेव्हा खातं न मोडता कर्ज घ्यावं, मात्र स्वतःच्या नावावर. नव्या पद्धतीत गेले, तर हेच कर्ज पुरतं १० ला पडेल.

रात्री ८.३०
न्यू जर्सीहून भाच्याचा फोन. मुलीच्या शिक्षणासाठी त्याचं ५२९ नावाचं बचत खातं आहे. तिकडे एकच खर्च करमुक्त विड्रॉअल आणि टॅक्स क्रेडिट, दोन्हींत धरता येत नाही. पहिल्या ४,००० डॉलर फीवर २,५०० डॉलरपर्यंत क्रेडिट मिळतं, म्हणून तेवढी फी खात्याबाहेरून भरायची.
“मामा, मग ५२९ मधून किती काढू?”
“आधी स्लिप पाठव.”