शंभरचा प्लॅन, चाळीसचा स्पीड

बेळगावजवळच्या पिरनवाडीत नेट रेंगाळले की पहिला संशय कंपनीवर जातो आणि पहिला उपाय म्हणून मोठा प्लॅन घेतला जातो. दोन्हींत घाई होते. स्पीड बाहेरून येणाऱ्या लाइनवर कमी पडतोय की घरातल्या वायफायवर, हे कळल्याशिवाय एक रुपयाही वाढवू नये.

“शंभरचा प्लॅन, पण डाउनलोड बाराच दाखवतो.” इथे बहुधा काहीच बिघडलेले नसते. कंपनी मेगाबिट सांगते, डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 100 एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला 12.5 मेगाबाइट ही कमालच झाली.

“मोबाइलवर टेस्ट केली, चाळीस आला, म्हणजे कंपनीने फसवले.” ती टेस्ट वायफायवरून झालेली असते. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती आणि नव्या घरांचे सळ्यांचे स्लॅब, दोन्ही सिग्नल खातात. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाआड असेल तर आणखीच. 2.4 गिगाहर्ट्‌झचा सिग्नल लांब जातो, पण त्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. लागून घरे असलेल्या गल्लीत सगळ्यांचे राउटर तिथेच गर्दी करतात. 5 गिगाहर्ट्‌झ वेगवान, मात्र एक-दोन भिंतींतच दमतो.

म्हणून लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, बाकी मोबाइल-टीव्हीचे वायफाय बंद ठेवा आणि पहाटे व रात्री नऊला टेस्ट करा. विश्वास या आकड्यावर ठेवावा. 200 चा प्लॅन असून आकडा 94-95 वरच अडकला, तर दोष लाइनचा नसतो. राउटरचे किंवा लॅपटॉपचे पोर्ट 100 चे असते, नाहीतर केबल खराब असते. 100 साठी केबलमधल्या आठपैकी चार तारा पुरतात. गिगाबिटला आठही लागतात, आणि त्यातल्या जादा चारांपैकी एक तुटली तरी जोडणी बहुधा गुपचूप 100 वर उतरते. एका साध्या केबलपायी एखाद्या कामगाराच्या घराने दरमहा 300 च्या प्लॅनचे पैसे भरावेत, हे मला पाहवत नाही.

“पावसात फायबर मंदावते.” काचेच्या तंतूतल्या प्रकाशाला पाऊस अडवत नाही. पाणी जोडाच्या डब्यात शिरते, किंवा फांदी पडून केबल दुमडते. घरातल्या फायबर बॉक्सवरचा ‘लॉस’चा दिवा लाल झाला तर प्रकाशच पोहोचत नाही, तिथे राउटर बंद-चालू करून उपयोग नाही.

लॅन केबलवरही पहाटे पूर्ण आणि रात्री निम्मा स्पीड येत असेल, तर लाइनवर गर्दी आहे. नेहमीच्या जीपॉन फायबरमध्ये सुमारे 2.5 गिगाबिटची एक लाइन 32 किंवा 64 घरांत वाटली जाऊ शकते, आणि उद्यमबागेच्या कारखान्यांतून माणसे घरी परतली की सगळे एकदम नेटवर येतात. वरच्या बाजूला कंपनीने क्षमता कमी घेतली असली तरी हेच होते. महिनाअखेरीसच मंदावत असेल, तर आधी डेटा मर्यादा संपली का ते पाहा.

“ट्रायकडे तक्रार केली की काम होते,” हाही गैरसमजच. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था ग्राहकांच्या एकेकट्या तक्रारी सोडवत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रावर नोंद करा, डॉकेट नंबर घ्या, केबलवरच्या टेस्टचे वेळेसह स्क्रीनशॉट जोडा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबरही जवळ ठेवा.