विश्लेषण : इमारतीच्या विजेवर नजर ठेवणारे ‘कंट्रोलर’ कसे जोडतात? इशारा कोणाला मिळतो हे महत्त्वाचे का?

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी १० जणांचा मृत्यू झाला, ७ जणांना वाचवण्यात यश आले. त्याच वर्षी विरार आणि अहमदनगर येथील रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतही आगी लागल्या. रात्रंदिवस वीज वापरणाऱ्या इमारतींवर सतत नजर कशी ठेवायची, हा प्रश्न त्यातून ठळक झाला. इमारत ऊर्जा व्यवस्थापन प्रणाली अर्थात ‘बीईएमएस’ हे त्याचे एक उत्तर. पण अशी प्रणाली विकत घेणे वेगळे आणि तिचे कंट्रोलर नीट जोडणे वेगळे.

कंट्रोलर म्हणजे नेमके काय?

घराच्या टाकीत पाणी भरले की मोटार आपोआप बंद करणारा स्विच अनेकांकडे असतो. कंट्रोलर हा त्याचाच मोठा भाऊ. वीज पॅनेलजवळ बसवलेला हा छोटा संगणक तापमान, विजेचा प्रवाह, पाण्याची पातळी यांची माहिती सेन्सरकडून घेतो आणि पंखे, पंप, एसी चालू-बंद करतो. असे अनेक कंट्रोलर तारेने किंवा इंटरनेटसारख्या नेटवर्कने एकमेकांना जोडले की संपूर्ण इमारतीची स्थिती एका पडद्यावर दिसते.

त्याचा फायदा काय?

भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा एसीचा भार सर्वाधिक असतो. एसीचे तापमान १ अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. शंभर खोल्यांतील एसी हाताने नियंत्रित करणे अशक्य; कंट्रोलर ते वेळापत्रकानुसार करतो.

दुसरा फायदा बिलाचा. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकाला युनिटबरोबरच महिन्यातील कमाल मागणीवर आधारित आकारही भरावा लागतो. गेलेली वीज परत आल्यावर सगळे एसी एकदम सुरू झाले तर ही मागणी उसळते. कंट्रोलर त्यांना थोड्या थोड्या अंतराने सुरू करतो.

जोडणी कशी होते?

कंट्रोलर एकमेकांशी ठरावीक भाषेत बोलतात. ‘मॉडबस’ ही भाषा १९७९ पासून वापरात आहे. खास इमारतींसाठीची ‘बॅकनेट’ १९९५ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तारेने जोडताना बहुतेक ठिकाणी ‘आरएस-४८५’ पद्धत असते. त्यात तार एका कंट्रोलरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळेसारखी न्यावी लागते. झाडासारख्या फांद्या फोडून चालत नाही. माळेची लांबी साधारण १२०० मीटरपर्यंत असू शकते आणि तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावतात.

प्रत्येक कंट्रोलरला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो, घरांना घरक्रमांक असतो तसा. मॉडबसमध्ये हा क्रमांक १ ते २४७ यांपैकी असतो. माहिती पाठवण्याचा वेग, म्हणजे बॉड रेट, एका माळेवरील सर्वांचा सारखाच हवा.

चुका कुठे होतात?

दोन कंट्रोलरना एकच क्रमांक दिला की दोघेही एकाच वेळी उत्तर देतात आणि माहितीचा गोंधळ होतो. दोन तारांची अदलाबदल झाली तर कंट्रोलर गप्पच राहतो. माहितीची तार जाड वीज केबलला चिकटून नेल्यास मध्येच संपर्क तुटतो.

सर्वात फसवी चूक आकड्यांची. प्रवाह मोजणारा सीटी २००/५ चा बसवला आणि मीटरमध्ये १००/५ भरले, तर पडद्यावर वापर निम्माच दिसतो. तारेवर ताण असतो, पण पडदा सगळे ठीक असल्याचे सांगतो. म्हणूनच प्रत्येक सेन्सर एकेक करून तपासतात. एक जण सेन्सर हातात धरून गरम करतो, तर दुसरा पडद्यावर त्याच खोलीचा आकडा वाढतो का, हे पाहतो.

आग लागल्यास हीच प्रणाली पुरेशी आहे का?

नाही. धूर ओळखून भोंगा वाजवणारी अग्निशमन यंत्रणा स्वतंत्र असावी लागते. तिची बॅटरी आणि तारा वेगळ्या असतात. धुराचा इशारा मिळताच कंट्रोलर हवा खेळवणारे पंखे बंद करू शकतो, त्यामुळे धूर इतर खोल्यांत पसरणे कमी होते. त्याआधीही त्याचा उपयोग आहे. एखाद्या सर्किटवर भार मर्यादेबाहेर गेला किंवा पॅनेल तापू लागले, तर तो तसे सांगतो. नेटवर्क तुटले तरी आपल्यापुरते काम चालू ठेवील, अशीच त्याची रचना असावी.

इशारा कोणाकडे जातो?

बऱ्याचदा हाच प्रश्न शेवटी विचारला जातो. इशारा फक्त कार्यालयातील संगणकावर गेला आणि कार्यालय सायंकाळी बंद झाले, तर रात्रभर तो कोणी पाहत नाही. रुग्णालयात तो नर्सिंग स्टेशनवर आणि ड्युटीवरील वायरमनच्या मोबाइलवर गेला पाहिजे. ठरावीक मिनिटांत कोणी प्रतिसाद दिला नाही तर वरिष्ठाकडे. किरकोळ इशारे मात्र वेगळे ठेवावेत. दिवसभर टुणटुण करणाऱ्या यंत्राकडे माणसे लक्ष देईनाशी होतात.

ताबा घेताना काय मागावे?

कंट्रोलरच्या क्रमांकांची यादी, तारांचा नकाशा, प्रोग्रॅमची प्रत आणि चाचणीची नोंद संस्थेच्या हाती हवी. पासवर्ड ठेकेदाराकडे अडकून राहू नयेत आणि कारखान्यातून आलेले पासवर्ड बदलावेत. मूळ मॉडबसमध्ये पासवर्डची सोयच नाही, त्यामुळे ही माळ थेट इंटरनेटला जोडणे धोक्याचे.

शेवटची चाचणी दिवसा नव्हे, रात्री घ्यावी. पहाटे २ वाजता मुद्दाम एक इशारा वाजवून पाहावा आणि तो पाहून कोण धावत येते, किती मिनिटांत येते, हे वहीत लिहून ठेवावे. ही नोंद झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करू नये.