नव्या गाडीचा रंग आपल्याच फडक्याने जातो

उभी हयात जुन्या गाड्यांवर काढल्यानंतर अल्लाहच्या कृपेने आम्ही पहिल्यांदा कोरी गाडी घेतली, तीही काळ्या रंगाची. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला आमची रोजची ये-जा. सकाळी पाहावे तो बॉनेटवर धुळीचा थर. मग दुकानातला एखादा मऊ कटपीस घ्यायचा आणि कोरड्यानेच गाडी लख्ख पुसायची, असा महिनाभर क्रम चालला. ईदच्या सकाळी नमाज आटोपून ईदगाहबाहेर आलो. स्वच्छ ऊन पडले होते. त्या उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे चमकताना दिसले.

मिरजेतील एका अनुभवी रंगकारागिराला गाडी दाखविली. तो म्हणाला, "चाचा, हे ओरखडे गाडी चालवून पडलेले नाहीत, पुसून पडलेत." उभा जन्म कापडात घालविलेल्या माणसाची गाडी कापडानेच खराब व्हावी, याची आम्हाला शरम वाटली. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचे तसे नुकसान होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

रंग किती जाड असतो?

कारखान्यात पत्र्यावर एकूण चार थर चढतात. विजेच्या प्रवाहाने बसविलेला गंजरोधक प्रायमर, त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. हे चारही थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढे भरतात. त्यातला लॅकर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केसही याहून जाड असतो. गाडीची सगळी चमक आणि उन्हापासूनचे रक्षण या केसाहून बारीक थरावर अवलंबून आहे.

ओरखडे घालविण्यासाठी मशीनने बफिंग करतात, तेव्हा ओरखडा भरला जात नाही. त्याच्या भोवतीचा लॅकर घासून खाली आणला जातो. म्हणजे प्रत्येक पॉलिशला भांडवलातून रक्कम निघते, आणि ती पुन्हा जमा होत नाही. आमच्या कारागिराने म्हणूनच फक्त बॉनेट हलके पॉलिश केले. पूर्ण गाडीचे पैसे त्याला सहज घेता आले असते. पण "बाकीची गाडी राहू द्या, फक्त पुसायची पद्धत बदला," असे त्याने सांगितले. अशा धंद्यातच बरकत असते.

आपल्या भागातील तीन शत्रू

पहिला शत्रू धूळ. आपल्याकडची धूळ निव्वळ मातीची नसते. फाउंड्री, लेथ आणि ग्राइंडिंगचे काम जेथे चालते, तेथे हवेत लोखंडाचे बारीक कण असतात. ते रंगावर बसून गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसू लागतात. असे ठिपके नखाने खरवडू नयेत. ते काढण्यासाठी लोखंड विरघळविणारे खास द्रावण आणि क्ले बार मिळतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

दुसरा शत्रू बोअरचे क्षारयुक्त पाणी. उन्हात गाडी धुतली की पाणी उडून जाते आणि क्षाराचे पांढरे डाग मागे राहतात. ते जुने झाले की लॅकरमध्ये मुरतात. सबब गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी आणि लगेच टिपून घ्यावी.

तिसरा शत्रू पक्ष्यांची विष्ठा. उन्हात तापलेला लॅकर नरम पडतो आणि थंड होताना विष्ठेभोवती आवळतो. तेथे कायमचा खड्डेवजा डाग राहतो. दिसताक्षणी ओले फडके पाच मिनिटे वर ठेवावे आणि न घासता उचलून घ्यावे.

धुण्याची रीत

प्रथम नुसत्या पाण्याने सुटी धूळ वाहू द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी. फडके शाम्पूत बुडवावे, वरून खाली एक भाग धुवावा, साध्या पाण्यात खळबळून माती काढावी आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावे. चाके शेवटी, वेगळ्या फडक्याने. कपड्यांची पावडर वापरू नये. ती क्षारयुक्त असल्याने मेण धुऊन नेते. रॉकेल व डिझेलने पुसणे तर बंदच करावे. एवढ्याला पाइप सोडून ठेवण्याची गरज नाही. वुजूच्या पाण्यातही इसराफ करू नये, ही शिकवण आपल्याला आहेच.

आता कापडाविषयी. सुती कटपीस मऊ लागतो, पण त्यात धूळ शिरायला जागा नसते. ती पत्रा आणि कापड यांच्यात अडकून सँडपेपरचे काम करते. मायक्रोफायबर हे पॉलिस्टर व पॉलिअमाइडच्या चिरलेल्या तंतूंचे कापड. बहुधा ८०:२० असे मिश्रण असते. त्याची लव धूळ आत ओढून घेते. घेताना ३०० जीएसएमच्या वरचे घ्यावे. कडेची कडक शिलाई आणि लेबल पाहावे, लेबल कापून टाकावे. हे कापड सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, कारण सुताचे तंतू त्याला चिकटतात. इस्त्री करू नये. खाली पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. एवढे करूनही मायक्रोफायबर धुळीच्या गाडीवर कोरडे फिरवू नयेच.

कोटिंगचा मोह

शोरूममध्ये गाडीबरोबर महागडे कोटिंग गळ्यात मारण्याची रीत झाली आहे. टेफ्लॉनचे नाव ऐकून भुलू नये. तव्यावर टेफ्लॉन पक्के बसते ते ३४० अंशांच्या वर तापवून, आणि गाडीचा रंग कारखान्यात सुमारे १४० अंशांवर भाजलेला असतो. सिरॅमिक कोटिंग खरोखर चिकटते, पाणी आणि घाण झटकते. परंतु खडीचा मार ते अडवत नाही. '९ एच' हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा आहे, हिऱ्याच्या नव्हे. खडीपासून वाचवायचे तर १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म लागते, ती महाग पडते. वॉरंटीच्या अटी मात्र सही करण्यापूर्वी वाचाव्यात.

सामान्य व्यापाऱ्याला मेण किंवा पॉलिमर सीलंट पुरेसे आहे. मेण महिना-दोन महिने, सीलंट चार-सहा महिने टिकते. पाण्याचे थेंब गोल उभे राहण्याऐवजी पसरू लागले की पुन्हा लावावे. नव्या गाडीला तीन महिने मेण लावू नये, असे जुने लोक सांगतात. ते कारखान्यात भाजलेल्या रंगाला लागू नाही. गॅरेजमध्ये नव्याने रंगविलेल्या भागाला मात्र महिनाभर हवा लागू द्यावी.

गॅरेजमधील तरुण बांधवांनाही एक विनंती. नीट धुणे हेसुद्धा हुनर आहे, आणि त्याला मोठे भांडवल लागत नाही. दोन बादल्या, चांगली फडकी आणि गिऱ्हाइकाला खरे सांगण्याची हिंमत एवढ्यावर हा धंदा उभा राहतो. आमच्या बॉनेटवरचे काही ओरखडे अजून आहेत. ते आम्ही तसेच ठेवले आहेत. लॅकर मात्र शाबूत आहे.