रोज चाळीस किलो एटीपी

दिवसभर काहीही न करता पडून राहिलेला प्रौढ माणूससुद्धा चोवीस तासांत सुमारे ४० किलो एटीपी वापरतो. पण कोणत्याही एका क्षणी त्याच्या अंगात हा पदार्थ असतो किती? जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एटीपीचा प्रत्येक रेणू दिवसाकाठी शेकडो वेळा मोडतो आणि शेकडो वेळा पुन्हा जोडला जातो. जोरात धावताना तर हा खप मिनिटाला अर्ध्या किलोपर्यंत चढतो. जीवरसायनशास्त्राच्या वाटेला नुकत्याच लागलेल्या विद्यार्थ्याने एकच प्रश्न सोबत घ्यायचा असेल, तर तो हाच: एवढी जोडणी करतं कोण आणि कशाच्या बळावर?

आधी रेणू पाहू. ॲडिनिन, रायबोज ही साखर आणि तिच्या पुढे ओळीने जोडलेले तीन फॉस्फेट गट म्हणजे ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, अर्थात एटीपी. फॉस्फेट गटांवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे शेजारी असूनही ते एकमेकांना ढकलत असतात. पाण्याशी अभिक्रिया होऊन शेवटचा गट सुटला की एडीपी उरतो आणि ऊर्जा मोकळी होते. प्रमाण परिस्थितीत एका मोलमागे सुमारे ३० किलोज्यूल, पेशीत त्याहूनही जास्त. इथे नवखे विद्यार्थी हमखास अडखळतात. बंध तुटण्याने ऊर्जा मिळत नाही. कोणताही बंध तोडायला ऊर्जा लागतेच. तुटल्यानंतर जे तयार होतं ते आधीपेक्षा अधिक स्थिर असतं आणि त्या फरकातून ऊर्जा हाती येते. स्नायूंचं आकुंचन, प्रथिनांची बांधणी, चेतापेशींचं काम हे सगळं याच फरकावर चालतं.

हा रेणू १९२९ साली सापडला, आणि तोही दोन ठिकाणी स्वतंत्रपणे. जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि अमेरिकेत हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या सुब्बारावांचं नाव आपल्याकडच्या प्रयोगशाळांत आजही घेतलं जातं, ते फॉस्फरस मोजण्याच्या फिस्के-सुब्बाराव पद्धतीमुळे.

एटीपी सापडला, पण तो बनतो कसा, हे कोडं आणखी तीस वर्षं सुटलं नाही. अन्नातली ऊर्जा एखाद्या मधल्या संयुगात साठत असेल आणि ते संयुग आपला फॉस्फेट एडीपीला देत असेल, असा बहुतेकांचा अंदाज होता. ते संयुग शोधण्यात अनेक प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं घालवली. ते सापडेना. १९६१ साली पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सांगितलं की असं संयुग शोधत बसण्याचं कारणच नाही. ऊर्जा साठते ती एका पटलाच्या दोन बाजूंमधल्या फरकात.

ते पटल असतं तंतुकणिकेच्या आत. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिथल्या प्रथिनांच्या साखळीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. जाताना जी ऊर्जा सुटते, तिच्या जोरावर प्रोटॉन पटलाच्या बाहेरच्या बाजूला ढकलले जातात. साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन स्वीकारायला ऑक्सिजन उभा असतो. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन घेऊन त्याचं पाणी होतं. आपण श्वासावाटे घेतलेला बहुतेक ऑक्सिजन याच एका कामी येतो. सायनाइड माणसाला इतक्या झपाट्याने मारतं, कारण ते नेमकी ही शेवटची पायरी अडवतं.

बाहेर साचलेले प्रोटॉन म्हणजे धरणात अडवलेलं पाणी. खाली यायला ते आतुर असतात, पण पटलातून त्यांना सहज वाट नसते. हा ताण केवढा असतो? पटलाच्या दोन बाजूंत सुमारे १५० मिलिव्होल्टचा फरक असतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पटलाची जाडी साधारण ५ नॅनोमीटर. भागाकार करा: मीटरमागे ३ कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. त्याच्या दहापट तीव्र विद्युतक्षेत्र या घडीला तुमच्या पेशीपेशींत आहे.

मिचेल यांचं म्हणणं सुरुवातीला फार थोड्यांना पटलं. पण १९६६ साली आंद्रे जेगनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी एक देखणा प्रयोग केला. पालकाच्या पानांतली हरितलवकं त्यांनी अंधारात आम्लधर्मी द्रावणात भिजवली आणि मग एकदम अल्कधर्मी द्रावणात घातली. प्रकाश नाही, तरीही एटीपी तयार झालं. आत-बाहेर प्रोटॉनांचा फरक असणं तेवढं पुरे होतं. १९७८ साली मिचेल यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तरी एक प्रश्न उरलाच. प्रोटॉन खाली येताना नेमकं काय घडतं? पटलात रुतलेलं एटीपी सिंथेज नावाचं विकर त्यांना वाट देतं, आणि त्या ओघाने त्याचा एक भाग चक्क फिरतो. पॉल बॉयर यांनी हे तर्काने मांडलं होतं. त्यात एक विलक्षण गोष्ट होती: विकराच्या कुशीत एडीपी आणि फॉस्फेट जवळजवळ आपोआप जोडले जातात, जोर लागतो तो तयार झालेलं एटीपी सोडवायला. मधला दांडा फिरत जातो, तशी विकराची तीन दालनं आळीपाळीने घट्ट मिटतात आणि उघडतात. जॉन वॉकर यांच्या गटाने गाईच्या हृदयातल्या या विकराची रचना १९९४ मध्ये उलगडली आणि ती बॉयर यांच्या तर्काशी जुळली. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्या दांड्याला चमकणारा ॲक्टिनचा तंतू चिकटवला, एटीपी पुरवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो तंतू गरगर फिरताना डोळ्यांनी पाहिला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं.

आपल्या तंतुकणिकांत आठ प्रोटॉन आत आले की एक फेरा पूर्ण होतो आणि एका फेऱ्यात तीन एटीपी. सेकंदाला शंभराहून अधिक फेरे हे यंत्र घेऊ शकतं. आणि ते काही माणसाची मिरासदारी नव्हे. आतड्यातल्या जीवाणूत, ज्वारीच्या पानात, गाईच्या हृदयात मूळ घडण हीच आहे.

पाठ्यपुस्तकात हे सारं चौकोन आणि बाणांच्या एका तक्त्यात बसवलेलं असतं आणि परीक्षेसाठी तो तक्ता घोकला जातो. घोकण्याआधी प्रत्येक बाणापाशी थांबा आणि दोनच प्रश्न विचारा: इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेला? प्रोटॉन कोणत्या बाजूला गेला? यांची उत्तरं शोधायची सवय लागली, की तक्ता पाठ करावा लागणार नाही. तो समजलेला असेल.